एनिफाच्या ऑपरेशनची परवानगी

९ मे, शनिवार

निवृत्त होऊन चार महिने झाले. एकतीस वर्षं जिल्हा कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे नोंद केल्याशिवाय दिवस संपला असं वाटत नाही. म्हणून ही वही.

आजची आवक: भाची एनिफा दवाखान्यातून परत आली. नववा महिना, पहिलटकरीण. तिथल्या नर्सने तिला भिंतीवरच्या खुणेला लावून उभं केलं, तर डोकं खुणेच्या खाली राहिलं. नर्स म्हणाली, बाई ठेंगणी, कमरेचं हाड लहान, बाळ मोठं. सिझर करावं लागेलसं दिसतंय, तेव्हा शेवटचे पंधरा दिवस जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच येऊन राहा.

फॅनीताई माझी थोरली बहीण. एनिफाची आई गेल्यापासून तिनेच एनिफाला वाढवलं. ती म्हणाली, "लायफर्ड, सोमवारी नेते तिला."

मी म्हटलं, "घाई कशाला? मी विचार करतो."

"तू कर विचार. तोवर मी गाठोडं बांधते."

कुठल्याही प्रश्नावर तिचं उत्तर गाठोडं हेच असतं. विचार करायची जबाबदारी त्यामुळे माझ्यावर येते. दोन बहिणींचं आणि त्यांच्या लेकरांचं सगळं मीच ठरवत आलो. आता एकच बहीण उरली आहे, पण काम कमी झालेलं नाही.

१२ मे, मंगळवार

स्वतः रुग्णालयात जाऊन चौकशी केली. ऑपरेशन करणारा माणूस चावुला नावाचा आहे. तो डॉक्टर नाही, तीन वर्षं शिकलेला क्लिनिकल ऑफिसर आहे. कोट मात्र डॉक्टरचा. किती बायका कापल्यात असं विचारलं तर म्हणाला, "चारशेनंतर मोजायचं सोडलं." मोजणी अर्धवट सोडणारा माणूस मला आवडत नाही.

त्याने सगळं समजावून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. रक्त फार जाऊ शकतं, मग दुसऱ्याचं द्यावं लागतं. भूल बाधू शकते. जखम पिकून ताप येऊ शकतो. शेजारच्या पिशवीला, म्हणजे लघवीच्या, इजा होऊ शकते. पुढच्या खेपेला वार खाली चिकटू शकते, किंवा कळांच्या जोराने जुना व्रण फाटू शकतो, म्हणून पुढचं बाळंतपण घरी करायचंच नाही आणि मध्ये दोन-तीन वर्षं जाऊ द्यायची. गरज नसताना कापायचं नसतं, असंही तो म्हणाला. एक पान पूर्ण भरलं.

मग मी विचारलं, "आणि फायदा?"

"बाळ अडलं असेल तर आई आणि बाळ जिवंत राहतात. वेळेवर केलं तर."

फायद्याच्या पानावर ही एकच ओळ आहे. तराजू कुठे झुकतो ते कोणालाही दिसेल.

नंतर तो माझ्याबरोबर आलेल्या एनिफाच्या नवऱ्याकडे, डायसनकडे वळून म्हणाला, "वेळ आली तर सहीला तुम्ही असाल ना?"

डायसन घाबरून म्हणाला, "मी नाही साहेब. मी इथे नुसता राहतो."

चावुला उत्तरेकडचा आहे. तिकडे गुरं देऊन बायको घरी आणतात, त्यामुळे त्याला नवरा म्हणजे कोणीतरी वाटतो. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी राहायला येतो आणि तिच्या वतीने तिचा मामा बोलतो. मी हे त्याला नीट सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग मामा तर मामा. वेळेवर हजर राहा म्हणजे झालं." चोवीस वर्षांच्या बाईची स्वतःची सही पुरते, असंही काहीतरी पुटपुटला. ते मी लिहून घेतलं नाही.

१६ मे, शनिवार

एनिफा आणि फॅनीताई रुग्णालयाच्या आवारातल्या निवाऱ्यात राहायला गेल्या. मी तात्पुरती परवानगी दिली. अर्थात, परवानगी दिली तेव्हा त्या सायकल-टॅक्सीवर बसून वळणापर्यंत पोचल्या होत्या. तरी मी मोठ्याने दिली.

घरात आता मी आणि डायसन. तो तुरीच्या शेंगा सोलतो आणि बोलत नाही. चांगला मुलगा आहे, पण त्याच्याशी बोलायला विषय नाही.

२३ मे, शनिवार (गाडीत)

हस्ताक्षर वाईट येईल. रस्ता खराब आहे.

काल सकाळी एनिफाला कळा सुरू झाल्या. आज उजाडल्यावरही बाळ खाली सरकलेलं नाही, हे कळल्यावर मी आणि डायसन रुग्णालयात आलो. मूल अडलं की नवराबायकोपैकी कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं, ते बाहेर आलं की मूलही येतं. आमच्यात हे सगळ्यांना माहीत आहे. लग्नात दोन्ही बाजूंचा एकेक मध्यस्थ असतो, एनिफाच्या बाजूचा मी, म्हणून चौकशी करणं माझं काम. डायसनला आवारातल्या आंब्याखाली बसवलं.

"बोल. कोणाच्या घरी जातोस?"

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तीन वेळा गेलो मामा. शेजारच्या गावी. मिसेस नामोन्देंकडे."

"आणि?"

"जेवलो."

"आणि?"

"परत वाढून घेतलं. फॅनीमावशींच्या रश्श्यात मीठ फार असतं."

मिसेस नामोन्दे सत्तरीच्या आहेत. तरी मी नोंद केली. कबुली दिल्यावर अर्धा तास वाट पाहिली, काही फरक पडला नाही, म्हणून चौकशी पुढे चालू ठेवणार होतो. तेवढ्यात फॅनीताई ओसरीतून ओरडली, "अरे, तिचं हाड लहान आहे हाड! त्याचं मीठ-मिरची काय विचारतोस?" सगळं आवार हसलं. मोठ्या बहिणीला चारचौघांत उलट बोलता येत नाही, याचा ती पूर्ण फायदा घेते.

मग चावुला बाहेर आला. म्हणाला बाळाचे ठोके मंदावताहेत, तासाभरात करायला हवं. कागद माझ्या हातात दिला. मी वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदात "इतर गुंतागुंत" असं लिहिलेलं होतं. इतर म्हणजे काय ते स्पष्ट नव्हतं. मी कागद परत देऊन स्पष्टीकरण मागितलं. चावुला तो घेऊन आत गेला. माझा हात थोडा कापत होता, सकाळी चहा झाला नव्हता.

बरोबर दहा वाजता एनिफाने मला आत बोलावलं. चेहरा राखेसारखा झालेला, ओठ सुकलेले. तिच्याकडे पाहवेना म्हणून मी खिडकीकडे पाहत होतो.

ती म्हणाली, "मामा, डायसनच्या बाजूचे मध्यस्थ कुठे आहेत?"

"सायझी? ते चहामळ्यावर असतात. का?"

"तुम्हीच सांगता ना, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ असल्याशिवाय मोठी गोष्ट ठरवू नये?" मध्ये एक कळ आली, ती पलंगाची कड धरून थांबली. "उद्या त्यांनी म्हटलं आम्हाला विचारलं नाही, तर? त्यांना घेऊन या. तुम्ही स्वतः जा. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत."

माझा ऊर भरून आला. या पोरीला कायदा कळतो. अशा वेदनेतही तिला पद्धत आठवली. मी म्हटलं, "मी येईपर्यंत?"

"तुम्ही आल्याशिवाय मी काही बोलायची नाही. जा ना मामा. धावत जा."

मी धावत निघालो. फाटकात भाजलेलं कणीस घेतलं आणि अकराची गाडी पकडली. कागद चावुलाकडेच आहे.

२३ मे (सायझींच्या अंगणात)

सायझी घरी नाहीत. पलीकडच्या गावी मयतीला गेलेत, उद्या सकाळी येतील. त्यांच्या बायकोने चटई दिली आणि मक्याच्या पिठाची न्सिमा, भोपळ्याच्या पानांची भाजी वाढली. चार घास खाल्ले. वेळ आहे, म्हणून एक जुनी नोंद करतो. ती कुठेच केलेली नाही.

एनिफाची आई एस्नार्ट, माझी धाकटी बहीण. एनिफा पाच वर्षांची असताना एस्नार्ट दुसऱ्या बाळंतपणात अडली. तो रविवार होता. मी अंगणात आंब्याखाली बैठक बसवली. तिच्या नवऱ्याने रविवारी एक कबुली दिली, सोमवारी दुसरी. सोमवारी दुपारी त्याच्या भावानेही एक दिली, ती कोणी मागितली नव्हती. मंगळवारी सकाळी सांगण्यासारखं कोणाकडे काही उरलं नाही, तेव्हा तिला ट्रकमधून रुग्णालयात नेलं. एक वाजता मी सही केली. चार वाजता ती गेली. बाळ आधीच गेलेलं होतं.

तिथला म्हातारा डॉक्टर मला म्हणाला, "रविवारी कुठे होतात?" मी सांगितलं, बैठकीत. तो हात धुवायला गेला. उद्धट होता.

तेव्हापासून मी पोटाच्या ऑपरेशनवर सही करत नाही. सही केली आणि माणूस गेलं, एवढं मला ठाऊक आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एनिफाला सांगायचा तर प्रश्नच नाही.

इथे बसून मला एनिफाची फार काळजी वाटते आहे. सायझी लवकर आले तर बरं.

२४ मे, रविवार

सायझी आठ वाजता आले, आंघोळ करून कोट घालेपर्यंत नऊ. मी घाई केली नाही, कारण कोटाशिवाय मीही निघालो नसतो. बाराच्या सुमारास रुग्णालयात पोचलो.

ऑपरेशन कालच झालं. मुलगी आहे. एनिफा जिवंत आहे.

हे वाक्य लिहून थोडा वेळ थांबलो होतो.

रक्त खूप गेलं. बाटली द्यावी लागली. ती डायसनने दिली. एनिफाच्या अंगात आता दुसऱ्या कुळाचं रक्त आहे आणि याची नोंद कशी करायची मला माहीत नाही. सायझींनाही माहीत नव्हतं, पण ते जरा ताठ बसू लागले.

आम्ही दोघे एवढ्या लांबून कोट घालून आलो होतो. तसंच परत जाणं बरं दिसेना. तेव्हा ओसरीतल्या बाकावर रीतसर बैठक घेतली. सायझी म्हणाले, "व्याही, आमच्या बाजूची हरकत नाही." मी म्हटलं, "आमच्याही नाही." परवानगी दिली. मी आत जाऊन चावुलाला तसं कळवलं. तो भाकरीसारखा जाड पाव चहात बुडवून खात होता. म्हणाला, "आभारी आहे. फार मदत झाली." माणूस दिसतो तितका वाईट नाही.

कागद पाहायला मागितला. सही एनिफाची आहे. वाकडीतिकडी, पण तिचीच. वेळ ९.५० लिहिली आहे. ही चूक आहे. दहा वाजता तर तिने मला बोलावून सायझींना आणायला सांगितलं. रुग्णालयाचं घड्याळ मागे असणार. फॅनीताईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "असेल बाबा, घड्याळच मागे असेल," आणि डबा घासायला निघून गेली.

२७ मे, बुधवार

एनिफाला ताप आहे. जखमेची एक बाजू लाल झाली आहे, थोडा पू आहे. चावुलाने दोन टाके काढून ती साफ केली आणि औषध बदललं. बारा तारखेला मी लिहून घेतलेल्या पानावर हे होतं. आपलं खरं ठरलं याचा आनंद होतो असं लोक म्हणतात. मला अजिबात झाला नाही.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त दुपारी एक तास सोडतात. उरलेला वेळ मी निवाऱ्यात बसतो. तिथे सगळ्या बायका. एकीने विचारलं, "काका, तुमचा कितवा महिना?" मी म्हटलं, एकसष्टावं वर्ष. त्या अजून हसताहेत.

जेवण जात नाही. फॅनीताईला वाटतं मिठामुळे. मी तसंच वाटू दिलं.

३० मे, शनिवार

ताप उतरला. आज एनिफा उशीला टेकून बसली होती, बाळ दूध पीत होतं. मी सहज म्हटलं, कागदावरची वेळ दुरुस्त करून घ्यायला हवी, कचेरीत अशा चुका पुढे नडतात.

ती म्हणाली, "वेळ बरोबर आहे मामा."

"कशी असेल? दहाला तू मला—"

"सही आधी केली. मग तुम्हाला बोलावलं."

माझ्या डोक्यात काही शिरेना. म्हटलं, "मग सायझींना कशाला आणायला लावलंस?"

तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही इथे असतात तर काय केलं असतंत?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "वेळ मागितला असता."

"आणि चावुलांनी तुम्हाला न विचारता नेलं असतं आणि मी टेबलावरच गेले असते, तर तुम्ही दारात उभे असतात. तुम्हाला पुन्हा ते बघायला लागलं असतं." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "मी पाच वर्षांची होते मामा. आंब्याखाली तुमच्या मागेच बसले होते. सगळी बैठक ऐकली. आई आतून हाक मारत होती, तेही ऐकलं. तुम्ही दर हाकेला उठून दारापर्यंत जायचात आणि परत येऊन बसायचात. तुमचा जीव होता तिच्यावर. मला माहीत आहे."

मी म्हटलं, "ऊन फार आहे आज," आणि बाहेर आलो.

ही नोंद आता करतो. एस्नार्ट माझ्या सहीने गेली नाही. रविवारी नेली असती तर जगली असती. त्या डॉक्टरचा प्रश्न साधा होता. मी एकोणीस वर्षं तो उद्धट ठरवला, कारण उत्तर देता येत नव्हतं.

एनिफाने मला फसवलं. मला न विचारता इतकी मोठी गोष्ट केली. राग यायला हवा होता. आला नाही. या घरात लग्नापासून कौलांपर्यंत सगळं मला विचारतात, आणि या एका गोष्टीत मला कोणी विचारलं नाही, याचं इतकं बरं वाटलं की मी फाटकाबाहेर जाऊन रडलो. कणीसवाली म्हणाली, धूर लागला का डोळ्यांना? मी म्हटलं, हो.

३ जून, बुधवार

आज घरी सोडलं. चावुलाने एनिफाला सगळं परत सांगितलं. जड उचलायचं नाही, मध्ये तीन वर्षं जाऊ द्यायची, पुढच्या खेपेला कळांची वाट न पाहता इथे यायचं. मला म्हणाला, "मामा, लिहून घेणार का?" मी म्हटलं, तिने ऐकलंय. तो जरा चकित झाला.

दोनच्या गाडीला अवकाश होता. ओसरीतल्या बाकावर एक म्हातारा कागद हातात धरून बसला होता, टोपी गुडघ्यावर. नर्स दर पाच मिनिटांनी येऊन त्याच्यासमोर उभी राहत होती. त्याने मला विचारलं, "साहेब, तुम्ही शिकलेले दिसता. आत माझ्या बहिणीची नात आहे. कापायचं म्हणतात. घरचे पाच जण ट्रकने येताहेत. ते आल्याशिवाय मी एकटा कसं ठरवू?"

कागद त्याच्या हातात थरथरत होता. त्याने चहा घेतलेला दिसत होता.

मी विचारलं, "पोरीचं वय?"

"सव्वीस."

"शुद्धीवर आहे?"

"आहे. करा म्हणते. मघापासून तेच म्हणतेय."

"मग तो कागद तिला द्या. आत जा आणि सांगा, माझं हो आहे. आत्ता."

"आणि बाकीचे आल्यावर?"

मी म्हटलं, "त्यांना माझ्याकडे पाठवा."

तो आत गेला. एनिफा पाहत होती. मी तिला म्हटलं, गाडी गेली तर जाऊ दे. ती बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसली.

पाऊण तासाने पाच जण आले. धुळीने माखलेले, आवाज चढलेले. सगळ्यात थोरला म्हणाला, "कोणाला विचारून नेलं तिला?" मी दारात उभा राहिलो. माझं नाव, गाव आणि जिल्हा कचेरीतली एकतीस वर्षं सांगितली. म्हटलं, या रुग्णालयात बैठकीची एक पद्धत आहे, आधी बसून घ्या. ते बसले. मी ही वही उघडली. प्रत्येकाचं नाव, पोरीशी नातं, वयाने कोण मोठं, कोणाचा शब्द आधी, हे विचारून लिहून घेतलं. दोघांत वाद झाला, तो होऊ दिला. मग पहिला मुद्दा मांडला. तो मी सविस्तर मांडला. दुसऱ्या मुद्द्यावर थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा मी पहिल्या मुद्द्याकडे परत गेलो.

मध्येच आतून बाळ रडल्याचा आवाज आला. ते पाचही जण उठून उभे राहिले. थोड्या वेळाने नर्स दार उघडून म्हणाली, दोघंही ठीक आहेत.

मी तेव्हा तिसऱ्या मुद्द्यावर होतो. मुद्दा महत्त्वाचा होता, पण कोणी ऐकत नव्हतं, म्हणून मीही वही मिटली.